बाणाखालचा डोळा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट, अरुंद खोली दिसते. डाव्या अंगाला छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे, अजून दोरी न सोडलेले. उजव्या अंगाला एक खिडकी. तिच्या काचेवर खाकी कागद चिकटवलेला, कारण ऊन आत आलं की चित्रांचे रंग डोळ्यांना फसवतात. मधोमध टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसेल एवढा मोठा, एका माणसाचा डोळा. लाल, सुजलेला, खोबणीतून पुढे आलेला. खोलीत दुसरा उजेड नाही. आणि त्या डोळ्यासमोर, पाठ ताठ करून, हातात स्टीलची फूटपट्टी धरून बसलेल्या बाई.

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला फूटपट्टी कशाला लागते, असं कोणीही विचारेल. लागत नाहीच. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी, जेव्हा छापायच्या पुस्तकाची पानं मजकूर-चित्रं कापून कात्री-गोंदाने लावली जायची, तेव्हा ती त्यांच्या हातात आली आणि मग सुटली नाही. ऑफिसातले लोक समोर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'फूटपट्टी'. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना वाईट वाटायचं नाही, फक्त भीती वाटायची की आणखीही काही म्हणत असतील.

भीती हा बाईंचा स्थायीभाव. लिफ्टमध्ये त्या एकट्या चढत नसत. गॅस बंद केल्यावर बघत, पायऱ्या उतरल्यावर पुन्हा वर जाऊन बघत, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून आपण खरंच वर गेलो होतो का, हे आठवत. दुपारी फोन वाजला तर कोण गेलं, असंच त्यांच्या मनात यायचं. त्यांचा नवरा शिंप्याचं दुकान बंद करून आता घरी बसलेला, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखा. तो म्हणायचा की आमच्या घराला दोन कुलपं आहेत, एक दाराला आणि एक हिच्या छातीला; आणि दोन्हींच्या किल्ल्या ही सारख्या हरवते.

पण कामात हीच भीती सोन्याच्या मोलाची ठरली. त्यांच्या हातून पान निघालं की ते पुन्हा तपासायची कोणाला गरज वाटत नसे, कारण बाईंनी ते आधीच घाबरून घाबरून तपासलेलं असे. म्हणून तर दादांनी डॉक्टरी पुस्तकं त्यांच्याकडे सोपवली होती. दादा म्हणजे प्रकाशक. त्यांना सगळेच दादा म्हणत, त्यांची आईसुद्धा.

दादांचा सगळा धंदा नुकत्याच डॉक्टर झालेल्या पोरापोरींवर चालायचा. पदवी हातात आहे, एप्रन नवा आहे, आणि समोर खराखुरा रोगी आला की जीभ टाळूला चिकटते, असे हे डॉक्टर. त्यांच्यासाठी छोटी पुस्तकं: एप्रनच्या खिशात मावणारी, कोपरे गोल कापलेली, रक्त-पाण्याचे डाग पुसता येतील अशा चकचकीत वेष्टणाची. यंदाचं पुस्तक डोळ्यांचं होतं. अपघात विभागात रात्री-अपरात्री डोळ्याचा रोगी आला आणि मोठे डॉक्टर हजर नसले, तर काय करायचं, एवढंच त्यात.

ते लिहिलं होतं गावच्या मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या मॅडमनी. पांढरे केस, बारीक चण, बोलणं तोलूनमापून. पहिल्या बैठकीलाच त्या बाईंच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि समजावलं की हे पुस्तक कोणी आरामखुर्चीत बसून वाचणार नाही. एक हात रोग्याच्या कपाळावर असेल आणि दुसऱ्या, थरथरत्या हाताने पान उलटलं जाईल. तेव्हा एका पानावर एक चित्र, चित्रावर एक बाण आणि शेजारच्या पानावर चार ओळी. बस. घाबरलेल्या माणसासाठी पुस्तक करायचं आहे, असं त्या म्हणाल्या.

बाईंना हे इतकं पटलं की सांगता सोय नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीची चेष्टा झाली, ती आता कोणाच्या तरी उपयोगाची होती. घाबरलेल्या माणसाला काय हवं असतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी अक्षरं मोठी केली. बाण जाडजूड, पिवळे केले. समासात अंगठा ठेवायला जागा सोडली. शिवाय घरात एक कारण होतं. त्यांची भाची, बहिणीची मुलगी, त्याच इस्पितळात नुकती लागली होती आणि त्यांच्याकडेच राहायची. पहिल्या आठवड्यात ती ड्युटीवरून आली की न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपायची. मावशी उशाशी बसायची. ते पुस्तक बाई खरं म्हणजे त्या पाठमोऱ्या पोरीसाठी करत होत्या.

आता पानं लावणाऱ्यांचा एक रिवाज सांगायला हवा. बाई हे काम ज्या गुरुजींच्या हाताखाली शिकल्या, ते एका सचित्र साप्ताहिकात पानं लावायचे, नटनट्यांचे फोटो वगैरे. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडला की ते फूटपट्टीने बोटांवर मारायचे. डाव्या पानावरच्या माणसाने उजवीकडे बघायचं, उजव्या पानावरच्याने डावीकडे. दोघांची नजर पुस्तकाच्या घडीकडे. रंगमंचावर विंगेकडे तोंड करून बोलणारा नट जसा प्रेक्षकांना सोडून निघाल्यासारखा वाटतो, तसा पानाबाहेर बघणारा फोटो वाचकाला बाहेर घेऊन जातो. मग अशा फोटोचं काय करायचं? उलटवायचा. आरशात बघितल्यासारखा. नटीच्या गालावरचा तीळ इकडून तिकडे जातो, पण वाचक पानावर टिकतो. पूर्वी त्यासाठी फिल्म उपडी करावी लागे. आता एक बटण दाबलं की झालं. बाईंच्या बोटांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती.

या पुस्तकात त्यांनी ते बोट आवरलं होतं. उजवा डोळा डावा करून चालत नाही, एवढं त्यांना कळत होतं. शेवटचं प्रूफ मॅडमकडे गेलं, मॅडमनी पानापानावर सही केली. आणि मग, छापखान्याचा माणूस बाहेर गाडी लावून उभा असताना, मॅडमचा फोन आला: सुजून बाहेर आलेल्या डोळ्याच्या पानाजोडीत चित्र आधी नको, शब्द आधी येऊ देत. बाईंनी दोन पानांची अदलाबदल केली. डावीकडचं चित्र उजवीकडे आलं. आणि चित्रातला डोळा, जो इतके दिवस शहाण्यासारखा घडीकडे बघत होता, तो पुस्तकाबाहेर बघू लागला.

बोटाने बटण दाबलं.

डोळा उलटला. बाण उलटला नाही. चित्र खालच्या थरावर होतं, बाण वरच्या. थर वेगळे असले की एक हलवलं तरी दुसरं जागेवर राहतं. बाईंनी डोकं मागे घेऊन पानाकडे बघितलं. किती छान दिसत होतं! छापखान्याचा माणूस हॉर्न वाजवत होता. त्या दिवशी, आयुष्यात कधी नव्हे ते, बाई घाबरल्या नाहीत.

पुस्तक आलं. शाईचा वास घेऊन भाचीने ते छातीशी धरलं आणि मावशीला गरकन फिरवलं. पहिला गठ्ठा तिच्याच इस्पितळात गेला. चार-सहा दिवसांत ती घरी येऊन सांगू लागली की सगळेजण खिशात तेच घेऊन हिंडतात, आणि एक पान तर इतकं आवडलंय की काय सांगू. कुठलं, ते सांगण्याआधी तिला पुन्हा बोलावणं आलं आणि ती केस बांधत बांधत जिना उतरून गेली. बाकीचे गठ्ठे दादांच्या गोदामात रचून ठेवले होते. ते ट्रकने दूरदूरच्या इस्पितळांना जायचे होते.

ट्रक जायच्या दिवशी बाईंनी सुट्टी घेतली होती. नवऱ्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुपारी थेंब टाकायचे असत. तो खुर्चीत मान मागे टाकून पडला होता, उघडं पुस्तक पोटावर उपडं ठेवून. वाचत नव्हता, पण बायकोचं काम पोटावर ठेवून झोपणं हीच त्याची कौतुक करायची रीत होती. बाईंनी पुस्तक उचलून तसंच उघडं शेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि त्याची पापणी खाली ओढली.

"थेंब टाकतेयस की मुहूर्त बघतेयस?" तो म्हणाला.

थेंब पडला, डोळ्याच्या कोपऱ्यात साचला. नाकाकडच्या कोपऱ्यात, जिथे ते गुलाबी मांसाचं इवलंसं बोंड असतं, तिथे. बाईंनी कापसाने ते पाणी टिपलं. आणि कापूस ठेवायला वळल्या, तर स्टुलावरच्या पानावर तेच गुलाबी बोंड, आणि त्याच्यावर टोक टेकवून उभा असलेला पिवळा, जाडजूड बाण.

त्यांनी पुन्हा नवऱ्याच्या डोळ्याकडे बघितलं. पुन्हा पानाकडे. शेजारच्या पानावर त्यांनीच लावलेल्या ओळी होत्या. मार लागून डोळ्यामागे रक्त साचलं, डोळा दगडासारखा घट्ट होऊन बाहेर आला आणि नजर जाऊ लागली, तर वाट बघू नये. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला कात्रीने छेद द्यावा, म्हणजे आतला दाब सुटतो. बाहेरच्या. कानाकडच्या. आणि बाण सांगत होता, इथे काप, नाकाजवळ, जिथे अश्रूंची नळी असते, जिथे कापून दाब सुटत नाही, नुसती नासधूस होते आणि तोवर नजर गेलेली असते.

आतून सगळं कोणीतरी ओतून टाकावं आणि नुसतं कातडं उभं राहावं, तसं झालं. बाटली हातातून पडली.

नवऱ्याने एक डोळा उघडून विचारलं की आता काय, गॅस का कुलूप. बाईंनी बोट दाखवलं. त्याने चष्मा लावला, शब्द वाचले, चित्र बघितलं, मग स्वतःच्या डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांना बोट लावून बघितलं. शिंपी माणूस, कापड उलटं बेतलं गेलं की काय होतं हे त्याला समजावून द्यावं लागलं नाही. कितीतरी वर्षं त्याने बायकोच्या भीतीवर विनोद केले होते. आता तो उठला आणि खुंटीवरची पर्स काढून त्याने बायकोच्या हातात दिली.

"या वेळची तुझी भीती खरी आहे गं," तो म्हणाला. "जा. मी पोरीला फोन लावत बसतो."

फोन लागत होता, उचलला जात नव्हता. ड्युटीवर असताना भाची फोन कपाटात ठेवायची.

टॅक्सीत बाईंनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. सिग्नल लागला की त्या ड्रायव्हरच्या मानेकडे बघत. डोक्यात चित्रांची नुसती रांग लागली होती. कुठल्यातरी गावचा कुठलातरी मुलगा, नवा एप्रन, खिशातून पुस्तक काढतो. घाबरलेला आहे. शब्द वाचायला त्याला वेळ नाही, तो चित्र बघतो. चित्र बघावं म्हणूनच तर ते एवढं मोठं केलं होतं, बाण एवढा पिवळा केला होता. घाबरलेल्या माणसाचा हात धरून बाईंनी त्याला बरोब्बर चुकीच्या जागी नेऊन सोडलं होतं. पुस्तक जरा वाईट जमलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. वाईट पुस्तकावर कोणी इतका विश्वास ठेवत नाही.

इस्पितळाच्या दाराशी माणसांची दाटी होती. फिनेलचा वास, ओल्या फरशीवर टाकलेला पुठ्ठा, चाकांच्या खुर्च्यांची किरकिर. अपघात विभागाच्या दाराशी रखवालदार. त्याने हात आडवा घातला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, कोणाच्या नातेवाईक?

"पुस्तकाच्या," बाईंच्या तोंडून निघालं.

त्या उत्तराचं काय करायचं हे रखवालदाराला कोणी शिकवलं नव्हतं. तो विचार करत राहिला आणि बाई त्याच्या हाताखालून आत गेल्या. एरवी रांगेत कोणाचा धक्का लागला तरी आपणच माफी मागणाऱ्या बाई!

आत एका ओळीत खाटा, खाटांमध्ये हिरवे पडदे. शेवटच्या पडद्यामागून सिस्टरचा आवाज येत होता. ती कोणालातरी सांगत होती की मॅडम ऑपरेशनमधून निघाल्यात, येतायत, पण डोळा थांबणार नाही. पडद्याला फट होती. बाईंनी त्या फटीतून बघितलं आणि तिथेच खिळल्या.

खाटेवर एक तरुण रंगारी होता. शिडीवरून घसरून त्याचा चेहरा फळीवर आपटला होता. हातांवर, भुवईवर फिक्कट निळा रंग वाळलेला. डावा डोळा पापण्यांना रेटून बाहेर आलेला, जांभळा, ताणलेला. सिस्टर त्या डोळ्यासमोर बोटं धरून विचारत होती किती, आणि तो म्हणत होता की बोटं नाहीत, उजेड दिसतो, आता उजेडही नीट नाही. खाटेच्या कडेला बाईंची भाची उभी होती, हातमोजे घालून. शेजारच्या ट्रेमध्ये कात्री. चेहरा असा, जसा तो घरी भिंतीकडे केलेला असायचा. बाईंनी तो आज पहिल्यांदा समोरून बघितला.

आणि पोरीची नजर समोरच्या भिंतीवर होती.

भिंतीवर पान लावलेलं होतं. मोठं करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, येता-जाता सगळ्यांना दिसेल असं. आवडलेलं पान ते हेच. किती सुंदर दिसत होतं. डोळा आत बघत होता, बाण ठसठशीत होता, आणि चित्रातला डोळा हुबेहूब त्या रंगाऱ्याच्या डाव्या डोळ्यासारखा होता. भाची भिंतीकडे बघे, मग रोग्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. तिने कात्री उचलली. खाली ठेवली. ओठ हलत होते, ती पाठ केलेलं काहीतरी पुटपुटत होती आणि ते चित्राशी जुळत नव्हतं. सिस्टर घड्याळाकडे बघून म्हणाली की डॉक्टर, ठरवा. भाचीने पुन्हा कात्री उचलली.

बाईंनी तोंड उघडलं. आवाज नाही. ज्या स्वप्नात धावायला जावं आणि पाय हलूच नयेत, ते स्वप्न त्यांना लहानपणापासून पडायचं. इथे जागेपणी तेच चाललं होतं. पडद्याच्या कापडाला त्यांची मूठ घट्ट धरून होती. आपण ओरडलो आणि तिचा हात हलला तर? आपण चूक असलो तर? आपण काही न बोलता मागच्या मागे निघून गेलो, तर कोणाला कळणारही नाही की आपण इथे होतो, हाही विचार आला. तोही आला, लपवायचं कशाला.

मग त्या आत गेल्या. कोणाकडे न बघता सरळ भिंतीपाशी गेल्या, आणि ज्या हातांनी कधी कोणाच्या घरची चमचा-वाटीही न विचारता उचलली नव्हती, त्या हातांनी ते पान ओढून फाडलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

"हे चित्र उलटं आहे," बाई म्हणाल्या. "मी उलटवलंय. बाण खोटा आहे, तू शिकलीस ते खरं आहे."

सिस्टर ओरडली की ह्या कोण, यांना बाहेर काढा. भाचीने मावशीकडे बघितलं. क्षणभर ती नुसती बघत राहिली, जणू घरातलं कपाट चालत इस्पितळात आलं होतं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर आलं.

"बाहेरचा कोपरा," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग रोग्याला, वेगळ्याच आवाजात, "दुखेल थोडं. हलू नका, मी सांगेन तेव्हा झालं."

बाईंना सिस्टरने दंडाला धरून बाहेर आणलं आणि पडदा ओढून घेतला.

बाहेर एक लोखंडी बाक होता. बाई त्यावर बसल्या. पडद्याखालून चार पाय दिसत होते. भाचीचे पांढरे बूट अजिबात हलत नव्हते. रंगारी एकदा मोठ्याने कण्हला. काहीतरी धातूचं ट्रेमध्ये पडलं. मॅडम आल्या, जवळजवळ धावतच, डोक्यावर अजून ऑपरेशनची टोपी. बाईंना न बघता पडद्याआड गेल्या. मग बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं. बाई ऐकायचा प्रयत्न करत होत्या आणि ऐकू येऊ नये असंही त्यांना वाटत होतं.

मग रंगाऱ्याचा आवाज आला, चाचपडत. दोन. नाही, तीन. तीन बोटं.

बाईंना वाटलं होतं की हे ऐकलं की भीती जाईल. ती गेली नाही. फक्त जागा बदलून बसली.

मॅडम बाहेर आल्या, बाकावर शेजारी बसल्या. त्यांच्या हातात ते फाटलेलं पान होतं. त्यांनी ते मांडीवर सपाट केलं, बघितलं आणि तोलूनमापून म्हणाल्या की यावर मी सही केली होती. बाईंनी सांगितलं की सही केली तेव्हा ते बरोबर होतं. पानं बदलल्यावर बिघडलं, आणि बदललं ते मी, आणि उलटवलं तेही मीच. मॅडमनी पानाची घडी घातली. मग म्हणाल्या की फोन मी केला होता, आणि फोन केल्यावर नवं प्रूफ मागवायला हवं होतं, तेही मीच. पण तो हिशोब नंतर करू. पोरीने कापलं ते बरोबर कापलं. ती थांबून राहिली होती, कारण तिला वाटत होतं की आपलंच डोकं फिरलंय. पुस्तक कसं चुकेल? तिच्यापाशी आज तुम्ही आलात. बाकीच्या गावांत कोण जाईल?

बाई ताडकन उभ्या राहिल्या. ट्रक. गोदाम. दादांनी आजचीच वेळ सांगितली होती, दिवस मावळायच्या आत ट्रक निघणार.

त्यांनी पर्समधून फोन काढला. या फोननंतर काय होणार ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. दादांचं नाव खराब होणार, लोक विचारणार की ही चूक कोणाची, आणि ऑफिसात मागून म्हणायला आता फूटपट्टीपेक्षा चांगलं काहीतरी मिळणार. खाकी कागद लावलेली ती खोली, ते टेबल, ती खुर्ची, जिच्या एका पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी ठेवली होती, ते सगळं कदाचित आज संध्याकाळपर्यंतच आपलं आहे. मॅडमनी विचारलं, मी बोलू का. बाईंनी मान हलवली. नको.

पलीकडे दादा भलतेच खुशीत होते. मागे हमालांचा गलका, ट्रकचं इंजिन घरघरत होतं. ते सांगू लागले की ताई, अगदी वेळेवर फोन केलात, शेवटचा गठ्ठा चढतोय, सगळे तुमचंच कौतुक करतायत, एवढं देखणं पुस्तक आपण कधी काढलं नव्हतं, आता पुढचं कानाघशाचं आहे आणि ते सुद्धा…

पडद्याआडून भाची बाहेर आली होती. हातमोजे काढलेले, हात रिकामे, ते कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी ती मावशीसमोर उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, तिचं मनगट घट्ट धरलं, आणि दादांचं बोलणं मधेच तोडलं. आजवर त्यांनी कोणाचं बोलणं असं तोडलं नव्हतं.

"दादा, आधी ट्रक थांबवा. चूक माझ्या हातची आहे, कशी झाली ते तिथे येऊन सांगते. पण आधी ट्रक थांबवा, आणि थांबलाय हे मला ड्रायव्हरच्या तोंडून ऐकवा."